दहाचा आणि तीनचा चहा

त्या हिवाळ्यात आमच्या घरात एक खोटं राहायला आलं होतं, आणि ते बाबांनी आणलं होतं. मी तेव्हा जपानमध्ये, दक्षिण चिबाच्या डोंगरातल्या एका वाडीत घरांभोवतीचा माजलेला बांबू, वाळकी झुडपं आणि पालापाचोळा काढायचं काम करत होते. रानात वणवा पेटला तर तो घरांपर्यंत पोचू नये, एवढाच त्या कामाचा हेतू. बाबा मात्र आम्ही राहायचो त्या निशी-कसाईतल्या झाडून सगळ्या मराठी मंडळींना सांगायचे, "सायली एन्व्हायर्न्मेंट कन्सल्टन्सीत आहे." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी मला विचारलं, "कुठली फर्म गं?" मी म्हटलं, "कोयता आणि दाताळं." बाई तिळगूळ हातात धरून तशाच उभ्या राहिल्या आणि आईने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. आता माझे गुडघे वाजतात, माझ्या हाताखाली माणसं आहेत, चार डोंगरांवरच्या वाड्या मला नावाने ओळखतात, तरी ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. काही बायका लोणचं मुरवतात, मी राग मुरवते. छान टिकतो.

आमचं घर आठव्या मजल्यावर होतं. बाल्कनीत उभं राहिलं की तोझाई लाइनच्या गाड्यांची घरघर ऐकू यायची आणि संध्याकाळी पाच वाजता वॉर्डाच्या भोंग्यावर ती एक हळवी धून वाजायची, जी ऐकून खाली खेळणारी सगळी पोरं निमूट घरी जायची. आई फोडणी घालायच्या आधी खिडक्या लावायची, एक्झॉस्ट पूर्ण वेगात सोडायची आणि मग मोहरी टाकायची, कारण शेजारच्या आजींनी एकदा फार गोड शब्दांत चौकशी केली होती की तुमच्याकडे काही जळतंय का. रविवारी थालीपीठ असायचं. भाजणी पुण्याहून यायची, पण त्यात मुळ्याचा पाला इथला. कोपऱ्यावरचा भाजीवाला पाला कापून मुळे विकायचा आणि पाला टाकून द्यायचा. आई डोंबिवलीची, तिला हे सहन होणं शक्य नव्हतं. या देशात कोणी भाव करत नाही. आईनेही कधी केला नाही. ती मुळा घ्यायची, पाल्याकडे बघायची आणि नुसती उभी राहायची. हसऱ्या चेहऱ्याने, अजिबात न हलता. शेवटी तो माणूसच कासावीस व्हायचा आणि पाला पिशवीत भरून द्यायचा. पुढे पुढे तर तो तिच्यासाठी बाजूला काढून ठेवू लागला. थांबायला मी आईकडून शिकले. भांडायला माझी मी शिकले.

शाळेच्या बाबतीत माझं काही धड झालं नव्हतं. आधी इंग्रजी शाळा, मग मधेच जपानी शाळा, आणि कांजीच्या, त्या जपानी चित्राक्षरांच्या, डोंगरापुढे मी जी बसले ती बसलेच. कॉलेजचा प्रश्नच आला नाही. कोनबिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानात, तासांवर काम केलं, मग उरायासुच्या एका छोट्या संस्थेत शिरले, जी माझ्यासारख्या कुठेच न बसलेल्या पोरांना घेऊन रानातली कामं करायची. बाबांनी पुण्याच्या शैलाआत्याशी परस्पर बोलून ठेवलं होतं. तिच्या घरी राहायचं, बी.कॉम. करायचं. मी दोन दिवस आरडाओरडा केला, तिसऱ्या दिवशी शांतपणे त्यांच्यासमोर बसले. "एक हिवाळा द्या," मी म्हटलं. "त्या वाडीतली सगळी घरं मार्चअखेर साफ झाली तर मी इथेच राहणार आणि हेच काम करणार. एक जरी घर राहिलं तर तुमचं तिकीट, तुमचं बी.कॉम."

"सगळी?"

"सगळी."

बाबांनी क्लायंटशी करावा तसा माझ्याशी हात मिळवला. त्यांना जपानी माणसं माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की हा सौदा त्यांना स्वस्तात पडलाय.

आम्ही सहा जण होतो, सगळे विशीच्या आसपासचे. केंता शाळा सोडून दोन वर्षं खोलीत बसून काढलेला, जॅकेटची टोपी डोक्यावरून कधी न काढणारा, पण यांत्रिक करवत हातात आली की त्याच्यासारखा नेमका माणूस नाही. हुओंग व्हिएतनामहून आलेली, बांबू तिच्या ओळखीचा, ती आम्हाला हसायची. फुनाबोरीचा आर्यन देशमुख, ज्याची आई फोनवर मराठीत विचारायची, "जेवलास का रे?" आणि हा जपानीत म्हणायचा, "खाल्लं, खाल्लं, ठेव." आणखी दोघं होते, कष्टाळू आणि अबोल. संस्थेने दिलेल्या प्रमुखाची पहिल्याच आठवड्यात पाठ धरली. तो परत गेला तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी त्या वेळी आधीच कोणावर तरी ओरडत होते, त्यामुळे पुढारीपण माझ्याकडे आलं.

काम दिसायला सोपं. लोकांना वाटतं वणवा भिंतीसारखा चालत येतो आणि घर गिळतो. खरं तर आधी ठिणग्या येतात, वाऱ्यावर, पुष्कळ पुढे. त्यांना काहीतरी कोरडं हवं असतं. पन्हळीत साठलेली पानं, ओसरीखाली ढकललेला पुठ्ठा, भिंतीला टेकून रचलेली सरपणाची रास. त्या वाडीत हे सगळं होतं आणि वर बांबू होता. तरुण माणसं शहरात गेलेली, बांबू कोणी तोडेना, तो उतारावरून सरकत सरकत घरांच्या मागच्या भिंतींना भिडला होता. काही ठिकाणी मधून मांजर जाणार नाही.

पण त्या वाडीत एक रीत होती. सगळी घरं हो म्हणेपर्यंत कुठल्याच घराचं काम सुरू व्हायचं नाही. एक घर नाही म्हणालं तर सगळंच नाही. वाडीप्रमुख मोरिता-सान म्हणाले, आधी तोयोको-सानच्या घराचं करून दाखवा, बाकीचे बघतील आणि ठरवतील. तोयोको-सान ऐंशीच्या पुढची विधवा बाई, तिचं घर सगळ्यात वर, अगदी बांबूच्या पोटात. आम्ही सकाळी गेलो, कामाला लागलो. दहा वाजता ती ओसरीवर ट्रे घेऊन आली. चहाची किटली, उकडलेली रताळी, मुळ्याचं पिवळं लोणचं. म्हणाली, "या, चहा घ्या."

माझ्यावर आईचे संस्कार. कोणाच्या घरी गेलं की खायला लगेच हात पुढे करायचा नाही. आधी नको म्हणायचं. त्यांनी आग्रह करायचा, आपण पुन्हा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणायचं. मी वाकून म्हटलं, "नको, नको, तुम्हाला कशाला त्रास." तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हटलं, आणि पोरांनाही खूण केली की हात चालू ठेवा. तिसऱ्यांदा तिने हळूच विचारलं, मी जरा लाजून नको म्हटलं आणि चौथ्या आग्रहाची वाट बघत उभी राहिले. तिने ट्रे उचलला आणि आत गेली. दार लागल्याचा आवाज आला. तिकडे कामकऱ्यांना दहाला आणि तीनला चहा द्यायची रीत, पण तीन वाजता कोणीच बाहेर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोरिता-सान आमच्या व्हॅनपाशी येऊन म्हणाले, "तोयोको-सानकडून नकार आलाय. तेव्हा काम थांबवा."

मी रात्रीची वाट न बघता तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, "अगं, तिसऱ्यांदा तरी घ्यायचा ना!"

"ती चौथ्यांदा विचारेल असं वाटलं."

"तिने तीनदा विचारलं हेच खूप झालं. तुझ्या बाबांच्या माहेरी पहिल्यांदा तरी विचारतात का?"

"बाबांचं माहेर?"

"पुणं गं. आता बोलत काय बसलीस? जा आणि पी तिचा चहा."

मी आजही म्हणते, चौथ्यांदा विचारायला काय बिघडलं असतं. पण तेव्हा माझ्यापुढे पुण्याचं विमान उभं होतं. मी कोयता, करवत सगळं व्हॅनमध्ये ठेवलं, पाचही जणांना घेऊन दहाच्या ठोक्याला तोयोको-सानच्या ओसरीसमोर जाऊन उभी राहिले. हसऱ्या चेहऱ्याने, न हलता. मोरिता-सान मागून धावत आले. "काम थांबवलंय ना?"

"काम करतंय कोण? चहाला आलोय."

"चहा असा मागून घेतात का?"

"मग कसा घेतात ते तरी सांगा! काल घेतला नाही म्हणून हाकललंत, आज घ्यायला आले तर हे!" माझा आवाज चढला होता. खालच्या घरातली दोन माणसं बाहेर येऊन बघू लागली. आर्यन माझी बाही ओढत होता.

मोरिता-सानही तापले. "मागे एक ठेकेदार आला होता. त्याच्या माणसांनीही चहा घेतला नाही. वेळ नाही म्हणाले. बांबू तोडला, तिथेच ढीग टाकला आणि गेले, ते परत तोंड दाखवलं नाही. तो वाळलेला ढीग अजून तिथेच आहे. जो ओसरीवर बसत नाही तो परत येत नाही. आम्ही शिकलोय ते."

तेव्हा मला समजलं की तो चहा म्हणजे पाहुणचार नव्हताच. तो करार होता. आणि करारात मला हरवणं कोणालाही अवघड. मी तिथल्या तिथे मागणी मांडली. प्रत्येक घरी दहाचा आणि तीनचा चहा आम्ही बसून घेऊ, घाई करणार नाही. त्या ठेकेदाराचा ढीगही आम्ही उचलू. तीनच्या चहाला खायचं आमच्याकडून. बदल्यात प्रत्येक चहाला घरमालकाने आमच्या एका मागणीवर विचार करायचा. हो म्हणायची सक्ती नाही. विचार करायचा.

"आणि वाया गेलेला वेळ?" मोरिता-सानना वाटलं मी तिथे अडकेन.

"आम्ही उजाडताच येऊ. तुमची झोप मोडेल, ती तुमची बाजू."

दार सरकलं. तोयोको-सान ट्रे घेऊन उभी होती. बहुतेक ती मघापासून दाराआड ऐकत होती. तिने एकदाच विचारलं, "चहा?" आणि आम्ही सहा जण एका सुरात "हो" म्हणालो, तर ती इतकी हसली की किटलीचं झाकण वाजायला लागलं.

तिने हो म्हटलं तशी बाकीची घरंही हो म्हणाली, आणि मग जो महिना गेला तो माझ्या आयुष्यातला फार सुखाचा. आईने पार्सलने डबे पाठवायला सुरुवात केली. चकल्या, पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याचे लाडू. ओसरीवर पाय सोडून बसायचं, एकीकडे रताळं, एकीकडे चिवडा, आणि समोर बघत सौदा करायचा. तोयोको-सानच्या भिंतीला लागून सरपणाची मोठी रास होती. ती हलवायची म्हटल्यावर तिचा चेहरा बंद झाला. "नवऱ्याने रचलीय," ती म्हणाली. मी थांबले. चहा संपला, थांबले. शेवटी केंता, जो दिवसभरात चार शब्द बोलायचा, म्हणाला, "तशीच रचली तर?" त्याने थरांचे फोटो काढले आणि ती रास अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, ओंडक्याला ओंडका, होती तशी उभी केली. तोयोको-सानने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि एक ओंडका काढून उलटा करून ठेवला. तेवढाच चुकला होता. कोणाचं वाळक्या झावळ्यांचं ताडासारखं झाड, कोणाचं मेलेलं कुंपण, कोणाच्या छपरावरची पानं, असं एकेका चहाला एकेक मिळत गेलं. हिरवी, ओलसर कुंपणं मी सोडली आणि त्या सोडण्याच्याही बदल्यात काहीतरी घेतलं. हुओंग म्हणायची, "तू बाजारात जन्मलीस का?" घरांच्या मागून बांबू हटत गेला आणि तिथे रुंद उघडा पट्टा तयार झाला, ज्यातून वाडीतली एक म्हातारी केवळ गंमत म्हणून रोज फिरायला जायला लागली.

फक्त एके ठिकाणी मी हरले. मोरिता-सानच्या घराभोवतीचं सगळं झालं, पण त्यांच्या अंगणाच्या कडेची शेड त्यांनी सोडली नाही. आत जुन्या तातामी चटया, पेंढ्याचे दोर, कोण जाणे काय काय. बाहेर बांबू टेकलेला. "शेड माझी. तिथे हात लावायचा नाही." तीन चहा झाले, पाच झाले. मी म्हटलं, ठीक, ठेवा तुमचं संग्रहालय.

मार्च अजून सरायचा होता तेव्हा ती दुपार आली. कित्येक दिवस पाऊस नव्हता, वारा असा की टोपी टिकेना. टेकडीपलीकडे कोणीतरी बांधावरचं गवत जाळत होतं, त्याची आग सुटली. वाडीच्या भोंग्यावर धून वाजली नाही, माणसाचा आवाज आला, आणि तो आवाज ज्या घाईत बोलत होता त्यावरून सगळं कळलं. आम्ही म्हाताऱ्यांना व्हॅनमध्ये बसवून खालच्या शाळेत नेलं. तोयोको-सान काही केल्या निघेना, केंताने तिला पाठीवर घेतलं. शाळेच्या मैदानातून टेकडी दिसत होती. धूर आधी पांढरा, मग पिवळट, मग काळा. बांबू पेटला की त्याच्या गाठी फुटतात, बंदुकीसारख्या. तो आवाज तिथपर्यंत येत होता आणि प्रत्येक आवाजाला तोयोको-सान डोळे मिटत होती. मला पुणं आठवलं नाही. मला फक्त पन्हळी आठवत होत्या, कुठली नीट झाली होती, कुठली घाईत केली होती.

आम्हाला वर जाऊ दिलं ते दुसऱ्या दिवशी. अख्खा उतार काळा होता. आणि तो काळा रंग घरांच्या मागे, आम्ही केलेल्या पट्ट्यात येऊन थांबला होता. मधे थोडी काजळलेली जमीन, बांबूचे जळके बुंधे, आणि मग तोयोको-सानची मागची भिंत, जशीच्या तशी. वाडीच्या स्वयंसेवी अग्निशामक पथकातला एक माणूस, एरवी तोफू विकणारा, चेहरा काळा करून पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "आग खाली बसली इथे. खायला काही नाही म्हणून जमिनीवर सरपटायला लागली. आणि आम्हाला पाइप घेऊन घरामागे उभं राहायला जागा होती. गेल्या वर्षी असती का?" सगळी घरं उभी होती. गेली ती एकच वस्तू, मोरिता-सानची शेड.

मी त्या काळ्या उतारासमोर उभी राहून मराठीत इतक्या जोरात ओरडले की आर्यनने पहिल्यांदाच मला मराठीत उत्तर दिलं. काय ते इथे लिहीत नाही.

काही दिवसांनी वाडीच्या सभागृहात सगळे जमले. बातम्या बघून घाबरलेले बाबा गाडी घेऊन त्याच दिवशी आले होते आणि मागच्या भिंतीशी चटईवर अवघडून बसले होते. मोरिता-सान बोलायला उभे राहिले. पथकाचे आभार, हेलिकॉप्टरवाल्यांचे आभार, आणि मग म्हणाले, "ऐन वेळी वारा फिरला. वाऱ्याची कृपा."

मी उठले. हुओंग म्हणते मी उठले नाही, उडाले. "वारा फिरला?"

"फिरला असणारच."

"मग तुमची शेड कशी जळली?"

मी म्हटलं, "तुमचं घर आणि तुमची शेड एकाच अंगणात. वारा काय, तुमच्या घरापाशी फिरला आणि शेडपाशी विसरला?"

तोफूवाला आधी हसला. मग तोयोको-सान, तोंडावर हात ठेवून, आणि मग आवरेनाच कोणाला. मोरिता-सानचे कान लाल झाले. ते खाली बसले आणि कपाळ चटईला लागेल इतके खाली वाकले. वर आल्यावर म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात शेडपासून सुरुवात करा."

"शेड आहे कुठे?"

"नवी बांधतोय."

"मग ती घरापासून लांब बांधा, बांबूला टेकून नाही. आणि पलीकडच्या वाडीत तुमची बहीण दिलीय ना? तिथे आमच्यासाठी शब्द टाका."

त्यांनी टाकला. माझा सगळा धंदा त्या शब्दावर उभा राहिला हे मी मान्य करते. गावच्या पत्रकात मात्र पुढच्या महिन्यात छापून आलं ते वाऱ्याचंच. तेही मी मुरवलंय.

बाहेर बाबा गाडीपाशी उभे होते. इतक्या माणसांसमोर मुलगी ओरडली याची लाज त्यांना वाटत होती की आणखी काही, ते चेहऱ्यावरून कळेना. म्हणाले, "सायली, सौदा सगळ्या घरांचा होता. एक गेलंच की."

"शेड गेली. शेड घरात धरत नाहीत."

"इमारत ती इमारत."

"तुमच्या पुण्याच्या फ्लॅटच्या किमतीत बिल्डरने पार्किंग धरलं होतं का?"

बाबांच्या नाकातून हसू बाहेर पडलं. तो फ्लॅट, ते पार्किंग, बिल्डरशी झालेली भांडणं घरात सगळ्यांना पाठ होती. "बरं," ते म्हणाले. "बरं. मानलं. मी सगळ्यांना सांगतो, सायलीने फार मोठं—"

"नको. मला मोठं नको. आत्याला फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर, स्पीकरवर. आणि मी काय करते ते सरळ शब्दांत सांगा."

"अगं, घरी गेल्यावर..."

मी थांबले. हसऱ्या चेहऱ्याने. बाबांनी खिशातून फोन काढला.

आत्याच्या मागे कुकरची शिट्टी होत होती. "काय रे सुहास? तिकीट काढलंस का पोरीचं?"

"नाही ताई. ती येत नाहीये." बाबांनी घसा साफ केला, काळ्या उताराकडे बघितलं. "ती इथे बांबू तोडते. घरांभोवतीचा कचरा काढते, दाताळ्याने. तिची टोळी आहे, ती त्यांची मुकादम आहे. परवा आग लागली तेव्हा हिच्यामुळे अख्खी वाडी वाचली. ती आता हेच करणार आहे."

पलीकडे आत्याने गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. बाबांची मान ताठ होती.

"मग आधी सांगायचं ना रे," आत्या म्हणाली. "मी तिच्यासाठी गादी पिंजून घेतली."

त्या गादीचं मला आजही थोडं वाईट वाटतं. थोडंच.